फूलबागेतील रंगीत तालीम

ग्वाल्हेरीस पाहुणे आले की त्यांना फिरविण्याचा क्रम आम्हां लष्करकरांच्या घरोघरी ठरून गेलेला आहे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी किल्ला, दुपारी जयविलास राजवाडा, आणि पाय बोलू लागले की सायंकाळी फूलबाग. पाहुणे तेथे हिरवळीवर बसतात, शेंगा खातात, मुले प्राणिसंग्रहालयातील वाघ पाहण्याचा हट्ट धरतात आणि मोठी माणसे शेजारच्या समाधीकडे वळून हात जोडतात. १८५८ च्या जून महिन्यात कोटा-की-सराय येथील लढाईत घायाळ झालेल्या झाशीच्या राणीसाहेबांनी ह्याच परिसरात देह ठेवला. मोरोपंत तांब्यांच्या ह्या कन्येपुढे उभे राहिले की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्र सोडून इकडे आलेल्या आम्हां घराण्यांना आपण परक्या मुलुखात आहोत असे वाटेनासे होते.

आजची फूलबाग आकारास आली ती माधवराव महाराज शिंदे ह्यांच्या कारकिर्दीत. १९२२ साली इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरीस आले असताना तिचे उद्‍घाटन झाले. बाग म्हटली की झाडे, कारंजी आणि पायवाटा ह्या असावयाच्याच. परंतु महाराजांनी तेथे आणखी एक गोष्ट केली. एकाच आवारात त्यांनी गोपाळमंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफीची वास्तू ह्यांना जागा दिली. सायंकाळी एखाद्या बाकावर स्वस्थ बसावे, तर थोड्या-थोड्या अंतराने अजान, शबद-कीर्तन आणि आरतीची घंटा कानी पडते. पाहुणे ह्यावर 'सर्वधर्मसमभाव' असा अभिप्राय देतात आणि उठतात. तो खोटा नाही. पण पुष्कळ वर्षे ह्या बागेत सकाळ-संध्याकाळ फिरल्यावर आम्हांस तेथे आणखी काही दिसू लागले आहे. ही प्रार्थनेची जागा आहे, तशीच ती तयारीचीही जागा आहे. उत्सवाच्या दिवशी आलेल्यास प्रार्थना दिसते. आदल्या दिवशी आलेल्यास तयारी दिसते.

गोपाळमंदिराचेच पाहा. राधाकृष्णाच्या मूर्तींसाठी शिंदेशाहीत घडविलेले रत्नजडित दागिने स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे पेढीच्या तिजोरीत पडून होते. २००७ पासून जन्माष्टमीस ते बाहेर काढून देवास घालण्याचा परिपाठ सुरू झाला. मोती-पाचूंचा हार घातलेली मूर्ती पाहण्यास त्या दिवशी सारे शहर लोटते. परंतु त्या दर्शनामागे केवढा खटाटोप असतो! एकेका नगाची यादीशी पडताळणी करावयाची, ते उजळावयाचे, पोलिसांच्या पहाऱ्यात आणावयाचे, रांगेची वाट आखावयाची, आणि उत्सव संपताच सर्व दागिने मोजून परत तिजोरीत ठेवावयाचे. दर्शन घेणाऱ्यास ह्यांतले काही जाणवू नये, ह्यातच त्या तयारीचे यश. गुरुद्वाऱ्यात प्रकाशपर्वाच्या आधी कणीक किती लागेल आणि पोळ्या लाटण्यास कोण बसेल ह्याचा हिशेब ज्याने केलेला असतो, त्याचे नाव लंगरच्या पंगतीत बसलेल्यास ठाऊकही नसते.

ही दृष्टी आम्हांस उपजत नव्हती. ती एका फजितीतून आली आणि ती फजिती सर्वस्वी आमची स्वतःची होती. म्हणूनच ती येथे सांगावीशी वाटते.

गोष्ट २००१ सालची. आम्ही त्या वेळी शासकीय शाळेत साधे शिक्षक होतो आणि मराठीचे एम. ए. झाल्याचा ताठा अंगात पुरेसा शिल्लक होता. गणेशोत्सवात मुलांचे नाटक बसविण्याचे काम मंडळींनी आमच्यावर सोपविले. विषय शिवचरित्रातला, संहिता आमचीच. भाषा सजविण्यात आम्ही तीन आठवडे घालविले आणि मुलांच्या हाती कागद पडले तेव्हा प्रयोगास पाच दिवस उरले होते. एकत्र तालीम झाली ती अवघी एक, तीही अर्धी. प्रयोगाच्या आदल्या दिवशी बाळ-शिवाजीचे काम करणारा मुलगा तापाने आडवा झाला. आम्ही शेजारच्या आळीतल्या एका बारा वर्षांच्या हुशार मुलास बोलावले, कागद दिला आणि म्हणालो, "तुझे पाठांतर उत्तम आहे. एका रात्रीत करशील."

त्याने केलेही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आम्हांस सर्व भाषणे घडाघडा म्हणून दाखविली. पण घरात म्हणणे निराळे आणि तीनशे माणसांसमोर, कमरेला सैल तलवार लटकत असताना, कोठे उभे राहावे हे माहीत नसताना म्हणणे निराळे. दुसऱ्याच भाषणाच्या मध्यावर तो थांबला. आम्ही विंगेतून शब्द सांगितला, तो त्याला ऐकू गेला नाही. मोठ्याने सांगितला, तो प्रेक्षकांना ऐकू गेला. हशा झाला. कोणी वाईट मनाने हसले नव्हते, परंतु बारा वर्षांच्या मुलास हशाचे प्रकार कळत नाहीत. तो रंगमंचावरून उतरला आणि तलवारीसकट थेट घरी गेला. त्यानंतर तो आमच्या कोणत्याही कार्यक्रमास आला नाही.

घरी आम्हांस सर्वांनी धीर दिला. मुलेच ती, चालायचेच, गणपतीपुढे सगळे गोड मानून घ्यायचे असते, असे म्हणाले. ते ऐकून आम्हांसही बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या एका ख्रिस्ती सहशिक्षकांनी आम्हांस संध्याकाळी त्यांच्या चर्चच्या आवारात येण्याचा आग्रह केला. फूलबागेत आमची रोजची फेरी असे. तेथून ते आवार फार लांब नव्हते. नाताळच्या नाटकात एक मराठी भजन घ्यावयाचे होते आणि त्याचे उच्चार कोणी तरी तपासून हवे होते. आम्ही गेलो तो मोठा उपकार करण्याच्या थाटात.

नाटक बसवीत होत्या एक वृद्ध बाई. नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या, इस्पितळातील परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे मराठी ख्रिस्ती कीर्तनाचे माहेरघर. येशूची कथा झांजा-वीणा घेऊन, पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटात सांगण्याची प्रथा तेथे एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे ह्यांनी पाडली आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनास चर्चमध्ये मानाचे स्थान मिळवून दिले. मावशींचे वडील त्याच परंपरेत कीर्तने करीत. "बाबा म्हणायचे, कीर्तनात सुचले म्हणून बोललो असे जे वाटते, ते महिनाभर आधी सुचवून ठेवलेले असते," असे त्यांनी आम्हांस पहिल्याच दिवशी ऐकविले. आमच्या गणेशोत्सवाची हकीकत त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी आम्ही चपापलो.

मावशींच्या हाती एक जाड वही असे. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने. पहिला 'काय', दुसरा 'कोण', तिसरा 'केव्हापर्यंत' आणि चौथा 'न झाल्यास'. पहिले तीन रकाने कोणीही आखील. आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात आखीत होतोच. पण चौथ्या रकान्यापाशी आमची नजर अडली. योसेफ आजारी पडल्यास कोण? पेटी वाजविणारे आले नाहीत तर सूर कोण देणार? वीज गेल्यास दिवे कोठे ठेवलेले असतील आणि ते कोण पेटविणार? पाऊस आल्यास माणसे कोठे बसतील? प्रत्येक प्रश्नापुढे नाव लिहिलेले. योसेफाचे काम करणारी मुले दोन होती आणि दोघेही आळीपाळीने तालीम करीत. ज्याला प्रत्यक्ष प्रयोगात काम मिळणार नव्हते त्यास मावशींनी आधीच सांगून ठेवले होते आणि त्याच्याकडे ताऱ्याची दोरी ओढण्याचे मानाचे काम दिले होते.

तालमीचीही रीत पाहण्यासारखी होती. पहिले दोन आठवडे कोणी उभे राहिले नाही. सारी मुले सतरंजीवर गोल बसून नुसते वाचीत. तिसऱ्या आठवड्यात फरशीवर खडूने खुणा झाल्या: येथे मरिया, येथे मेंढपाळ, येथून देवदूत येणार. चौथ्या आठवड्यात कागद हातातून गेले. आणि नाताळापूर्वी चार दिवस आधी, अंगरखे, दाढ्या, पंख, काठ्या ह्यांसह पुरती रंगीत तालीम झाली. तीत देवदूताचा डावा पंख दाराच्या चौकटीत अडकला. मुले हसली, मावशीही हसल्या, आणि वहीत लिहिले गेले, 'पंख दोन बोटे कमी.' तोच पंख नाताळच्या रात्री अडकला असता, तर त्या देवदूताची अवस्था आमच्या बाळ-शिवाजीसारखी झाली असती.

त्या मुलांत एक आठ-नऊ वर्षांचा मेंढपाळ होता. तो बोलताना अडखळे. त्याच्या वाट्याला एकच वाक्य होते आणि पहिल्या शब्दावर तो दर वेळी अडकून पडे. आम्ही शिक्षकी शहाणपणाने मावशींना म्हणालो, "त्याचे वाक्य दुसऱ्या कोणास द्या, मुलाची हेळसांड टळेल."

मावशींनी वहीवरून मान वर केली. "मास्तर, अजून तीन आठवडे आहेत. वेळ नसता तर तुम्ही म्हणता तसेच केले असते."

त्यांनी त्या मुलास काही दिवस नुसते भजनात बसविले. गाताना तो एकदाही अडखळत नाही, हे तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या ध्यानात आले. मग त्याचे वाक्य त्याच भजनाच्या चालीत बांधले गेले. नाताळच्या कार्यक्रमात ऐन गोठ्याच्या प्रवेशात वीज गेली. त्या काळी आमच्याकडे विजेचा तो रोजचाच लपंडाव होता. क्षणभर कुजबुज झाली. तोच चौथ्या रकान्यात ज्यांची नावे होती त्या दोन मुलींनी कंदील पेटवून ठरलेल्या जागी ठेवले. मुले महिनाभर त्याच खुणांवरून चालली होती. अंधारातही कोणाचे पाऊल चुकले नाही. आणि त्या मिणमिणत्या उजेडात तो लहान मेंढपाळ पुढे आला, गुडघे टेकले आणि आपले एकुलते एक वाक्य गाऊन गेला. सभागृहात कोणी टाळी वाजविली नाही. आमच्या शेजारी त्याची आई बसली होती. तिने डोळ्यांस पदर लावला. आम्हांस मात्र त्या क्षणी मेंढपाळ दिसत नव्हता; सैल तलवार धरून घरी जाणारा मुलगा दिसत होता.

तोपर्यंत आमची समजूत अशी की तालीम ही नाटक देखणे व्हावे म्हणून असते. हुशार मुलास ती फारशी लागत नाही आणि मठ्ठास तिचा फारसा उपयोग होत नाही. त्या रात्री कळले की तालीम ही सर्वांत दुबळ्या माणसासाठी असते. ज्याचे पाठांतर कच्चे, ज्याची जीभ अडखळते, ज्याला ऐनवेळी ताप येतो, त्याच्यासाठी वेळ राखून ठेवणे म्हणजे नियोजन. ज्याने वेळ राखला नाही, त्याच्यापाशी दुबळ्याला वगळणे किंवा त्याचे हसे होऊ देणे ह्यांपलीकडे तिसरी वाट उरत नाही. आम्ही आमच्या हुशार मुलास एका रात्रीत दुबळा करून सोडला होता. 'देवापुढे सगळे गोड' हे वाक्य खरे असेल. पण त्याच्या आडून आम्ही आपला आळस त्या मुलाच्या पदरात टाकला होता.

पुढे वाचनात जे आले त्याने ही समजूत पक्कीच झाली. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात ओबरआमरगाऊ नावाचे पाच-एक हजार वस्तीचे गाव आहे. १६३३ साली प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी नवस केला की साथ टळली तर येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत राहू. १६३४ मध्ये पहिला प्रयोग झाला आणि सामान्यतः दर दहा वर्षांनी ते आजतागायत होत आले आहे. २०२० चा प्रयोग कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावा लागला, तो २०२२ मध्ये झाला. साथीतून जन्मलेले नाटक साथीमुळेच थांबावे, हा योगायोग मोठा विलक्षण. सुमारे दोन हजार गावकरी त्यात भाग घेतात. नाटकाच्या आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून त्यांनी केस-दाढी कापावयाची नाही असे फर्मान निघते. आणि प्रमुख भूमिकांसाठी प्रत्येकी दोन-दोन माणसे नेमलेली असतात. ते वाचताच आमच्या तोंडून निघाले, "हा तर मावशींचा चौथा रकाना!"

आपल्या भाषेतला दाखला तर ह्याहूनही जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास उतरला. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांस आपल्या भाषेत ऐकावयास काही हवे होते. स्टीफन्सने ते दिले, पण केव्हा? त्याचे 'क्रिस्तपुराण' सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. त्या काळात त्याने आपली भाषा शिकली, ओवी ऐकली, तिचे वळण अंगी बाणविले आणि मग सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. रविवारी व सणावारी तो चर्चमध्ये वाचला जाई. परक्या जिभेस ओवी वश झाली ती अशा सायासाने. आणि आम्ही, जन्मापासून मराठी बोलणारे, पाच दिवसांत नाटक उभे करावयास निघालो होतो!

एवढ्या लांब तरी कशास जावे? फूलबागेतून मान वळविली की जयविलास दिसतो. १८७४ साली पुऱ्या झालेल्या त्या राजवाड्याचे वास्तुकार सर मायकेल फिलोज हे शिंदे दरबारात पिढ्यांपासून चाकरी करणाऱ्या इटालियन वंशाच्या घराण्यातले. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगावयाची होती. ती टांगण्यापूर्वी त्यांनी लांबलचक उतरंड बांधून छतावर हत्ती चढविले आणि छताचा भक्कमपणा पारखून घेतला, असे येथे परंपरेने सांगतात. पाहुण्यांना ही कथा राजेशाही थाटाची वाटते. आम्हांस ती छताची रंगीत तालीम वाटते. खाली उभ्या राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावर प्रयोग नको, म्हणून आधी हत्ती.

आणि 'तालीम' हा शब्द तर ह्या शहराच्या हवेतच आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिकविणे. मराठीत पैलवानाची ती तालीम, नटाची ती तालीम आणि गवयाची तीही तालीमच. वासुदेवबुवा जोशांपाशी ग्वाल्हेरीत तालीम घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, ही कथा आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते. आपण अभिमान गाण्याचा धरतो. ते गाणे ज्या तालमीतून आले तिची आठवण मंडळाच्या बैठकीत मात्र होत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वही आखली. चार रकाने केले. नाटक बेताचेच झाले, परंतु कोणीही मूल रडत घरी गेले नाही. प्रत्येक भूमिकेस दोन मुले, प्रत्येक दिव्यास एक कंदील, आणि संहिता दोन महिने आधी मुलांच्या हाती, हा नियम शाळेत मुख्याध्यापक झाल्यावरही आम्ही मोडला नाही. मावशी आता नाहीत. त्यांच्या वहीतील एक कोरे, आखलेले पान आम्ही मागून घेतले होते. ते आमच्या टेबलाच्या खणात आहे.

राहिला तो मुलगा. आम्ही त्या वेळी दोनदा त्याच्या घरी गेलो. त्याची आई चहा करी, तो आतल्या खोलीतून बाहेर येत नसे. पुढे तो नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला. मागील जन्माष्टमीस गोपाळमंदिराच्या रांगेत आम्ही उभे असताना कोणी तरी वाकून नमस्कार केला. आम्ही ओळखले नाही. त्याच्या कडेवर लहान मुलगी होती. नाव सांगताच आमच्या घशास कोरड पडली. इतक्या वर्षांनी मागावयाची क्षमा कशी मागावी, ह्याची तालीम आम्ही केलेली नव्हती.

"चूक आमची होती," एवढेच म्हणालो.

तो हसला. "सर, ते भाषण अजून पाठ आहे मला." आणि रांगेत उभ्याउभ्याच त्याने ते म्हणून दाखविले. जेथे तो थांबला होता ते वाक्य आले. तो थांबला नाही. पूर्ण भाषण म्हणाला. कडेवरची मुलगी बापाच्या तोंडाकडे कौतुकाने पाहत होती. रांग पुढे सरकली. आत दागिन्यांनी लखलखणारी मूर्ती होती. आम्हांस ती नीट दिसली नाही.

वाचकहो, आपल्या मंडळांचे गणेशोत्सव, शारदोत्सव, दासनवमीचे कार्यक्रम पुन्हा येतील. हौस आपल्यापाशी पुष्कळ आहे. वहीचे एक पान आखावे आणि चौथा रकाना विसरू नये, एवढीच विनंती. त्या रकान्यात ज्याचे नाव येईल तो कदाचित आपल्याच घरातला बारा वर्षांचा मुलगा असेल.